किकस्टार्टने सर्व्हर उभा करताना: उत्तरांची फाइल कशी लिहायची आणि ती कुठे अडते

इन्स्टॉलर सुरू झाला की ठरलेले प्रश्न येतात. भाषा कोणती, घड्याळ कुठलं, कोणत्या डिस्कवर टाकू, पॅकेजेस कोणती, रूटचा पासवर्ड काय. एकच सर्व्हर असेल तर समोर बसून उत्तरं द्यायला काहीच हरकत नाही. दहा असले की एखाद्या मशीनवर टाइमझोन चुकतो, एखाद्यावर होमचं विभाजन वेगळं होतं, आणि पुढे कधीतरी ‘सारख्याच’ दोन सर्व्हरपैकी एकच का भरला हे शोधत बसावं लागतं. म्हणून ही उत्तरं आधीच एका साध्या टेक्स्ट फाइलीत लिहून इन्स्टॉलरच्या हाती द्यायची. रेड हॅटच्या घराण्यात या पद्धतीला किकस्टार्ट म्हणतात आणि ती फाइल वाचणाऱ्या इन्स्टॉलरचं नाव अनाकोंडा.

खालचं सगळं अल्मालिनक्स ९ धरून लिहिलं आहे. रॉकी लिनक्स ९ आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ यांनाही ते जवळपास तसंच लागू पडतं. डेबियनमध्ये हेच काम प्रीसीड करतं, उबुंटू सर्व्हरमध्ये ऑटोइन्स्टॉल, सुसेमध्ये ऑटोयास्ट. फाइलींचे साचे वेगळे, पण डिस्कच्या भागात सगळीकडे सारखीच काळजी घ्यावी लागते.

आज्ञांची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. फाइलीत ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची आणि आकडेही इंग्रजीच ठेवायचे.

कोऱ्या पानापासून सुरुवात नको

नवखे लोक इंटरनेटवरून कुणाची तरी शंभर ओळींची फाइल उचलतात आणि त्यातल्या निम्म्या ओळी न समजताच तशाच ठेवतात. त्याची गरज नाही. एका आभासी मशीनवर हाताने, नेहमीसारखं, पण नीट विचार करून इन्स्टॉलेशन करा. ते पूर्ण झालं की रूटच्या होम फोल्डरमध्ये ‘अनाकोंडा-केएस डॉट सीएफजी’ नावाची फाइल तयार सापडते. तुम्ही दिलेली सगळी उत्तरं त्यात किकस्टार्टच्या भाषेत असतात. ती फक्त रूटला वाचता येते, म्हणून आधी सुडोने कॉपी करून घ्या.

ही फाइल तशीच दुसऱ्या मशीनला दिली तर मात्र फसगत होते. चार ठिकाणी हात फिरवावा लागतो.

पहिलं, ‘क्लिअरपार्ट’ची ओळ. आपोआप बनलेल्या फाइलीत तिच्यापुढे बहुतेकदा ‘नन’ हा पर्याय असतो, म्हणजे काहीही पुसू नकोस. कोऱ्या डिस्कवर ते चालून जातं. आधी वापरलेल्या डिस्कवर मोकळी जागाच नसते, त्यामुळे इन्स्टॉलर जागा अपुरी असल्याचं सांगून थांबतो.

दुसरं, ‘ॲपस्ट्रीम’ या रिपॉझिटरीचा पत्ता. तो बऱ्याचदा ‘रन’ फोल्डरखाली जोडलेल्या सीडीकडे बोट दाखवतो. नेटवर्कवरून इन्स्टॉल करताना ती सीडीच नसते. मग तिथे मिररचा, म्हणजे नेटवर्कवरच्या पॅकेज साठ्याच्या प्रतीचा, पत्ता द्यायचा. ‘यूआरएल’ या आज्ञेला बेसओएसचा आणि ‘रेपो’ या आज्ञेला ॲपस्ट्रीमचा. आठव्या आवृत्तीपासून पॅकेजेस या दोन ठिकाणी विभागलेली आहेत. फक्त बेसओएस दिलं तर ॲपस्ट्रीममधलं पॅकेज मागितल्याबरोबर काम अडतं.

तिसरं, पहिली ओळ ‘ग्राफिकल’ असेल तर ती ‘टेक्स्ट’ करा. आणि चौथं, शेवटी ‘रीबूट’ लिहा. ते नसेल तर काम संपल्यावर इन्स्टॉलर कुणीतरी की दाबायची वाट बघत बसतो. मशीन दुसऱ्या मजल्यावरच्या रॅकमध्ये असेल तर हे फारच चिडचिड करणारं आहे.

भाषा, कीबोर्ड आणि घड्याळ या तीन ओळी क्वचितच त्रास देतात. टाइमझोनला ‘एशिया/कोलकाता’ आणि त्यापुढे ‘यूटीसी’चा पर्याय द्या, म्हणजे मशीनचं हार्डवेअर घड्याळ यूटीसीवर धरलं जातं. हा पर्याय राहिला तर वेळ साडेपाच तासांनी सरकलेली दिसू शकते. वेळ देणारे सर्व्हर नवव्या आवृत्तीत ‘टाइमसोर्स’ या स्वतंत्र आज्ञेने द्यायचे. जुन्या फाइलींत ते टाइमझोनच्याच ओळीत असतात.

डिस्क: सगळा वेळ इथे द्या

बाकी काही चुकलं तर पुन्हा इन्स्टॉल करता येतं. इथे चुकलं तर दुसऱ्याचा डेटा जातो.

‘क्लिअरपार्ट’ला ‘ऑल’ हा पर्याय दिला आणि डिस्कचं नाव दिलं नाही, तर मशीनला दिसणाऱ्या सगळ्या डिस्क पुसल्या जातात. सॅनवरून (साठवणुकीच्या वेगळ्या नेटवर्कवरून) जोडलेला डेटाबेसचा व्हॉल्यूम दिसत असेल तर तोसुद्धा. म्हणून या आज्ञेच्या आधी नेहमी ‘इग्नोअरडिस्क’ लिहायची आणि तिला ‘ओन्ली-यूज’ पर्यायात एकाच डिस्कचं नाव द्यायचं. मग बाकीच्या डिस्ककडे इन्स्टॉलर ढुंकूनही बघत नाही. सोबत ‘झीरोएमबीआर’ ठेवा, म्हणजे विभाजनांचा तक्ता बिघडलेली डिस्क असली तरी ती कोरी करून घेतली जाते.

आता नाव कोणतं द्यायचं? ‘एसडीए’ लिहावंसं वाटतं आणि नेमकं इथेच घोडं अडतं. पेनड्राइव्हवरून बूट केलं तर कधी पेनड्राइव्हच एसडीए होतो आणि खरी डिस्क एसडीबी. एनव्हीएमई डिस्कचं नाव वेगळं, केव्हीएम, म्हणजे लिनक्सवर आभासी मशीन चालवणारी सोय, हिच्यातल्या व्हर्टआयओ डिस्कचं ‘व्हीडीए’. दोन कंट्रोलर असलेल्या सर्व्हरवर तर दर बूटला क्रम बदलू शकतो. एकच मशीन असेल तर ‘डेव्ह’ खालच्या ‘डिस्क/बाय-आयडी’ फोल्डरातलं नाव द्यावं. त्यात मॉडेल आणि सिरियल नंबर असतो, त्यामुळे गफलत होत नाही.

मशीनं अनेक असतील तर ‘प्री’ नावाचा विभाग वापरायचा. टक्क्याचं चिन्ह लावून ‘प्री’ लिहिलं की त्याखालची शेल स्क्रिप्ट विभाजन सुरू होण्याआधी चालते. तिच्यात एवढंच करायचं: ‘एलएसबीएलके’ने डिस्कची यादी घ्यायची, ज्यांचं ‘ट्रान’ म्हणजे जोडणीचा प्रकार यूएसबी आहे त्या गाळायच्या, आणि उरलेल्यांत नेमकी एकच डिस्क आहे ना ते मोजायचं. एकच असेल तर तिचं नाव घालून इग्नोअरडिस्क, क्लिअरपार्ट वगैरे ओळी ‘टेम्प’ फोल्डरातल्या एका छोट्या फाइलीत लिहायच्या, आणि मुख्य फाइलीत त्या जागी टक्क्याचं चिन्ह लावून ‘इनक्लूड’ लिहून ती फाइल ओढून घ्यायची. डिस्क शून्य किंवा दोन निघाल्या तर स्क्रिप्ट चुकीच्या कोडने संपवा आणि विभागाला ‘एररऑनफेल’ पर्याय द्या. मग इन्स्टॉलेशन तिथेच बंद पडतं. दोन डिस्क दिसत असताना ‘त्यातल्या त्यात लहान’ निवडणाऱ्या स्क्रिप्ट बऱ्याच फिरतात. त्या टाळा, कारण लहान डिस्क रिकामीच असेल असं कुणी सांगितलं?

विभाजन कसं करायचं? ‘ऑटोपार्ट’ एका ओळीत काम उरकतं, पण त्यात एक खोच आहे. डिस्कवर पुरेशी जागा असली (साधारण ५० जीबीच्या पुढे) की ते वेगळं होम करतं, रूटला ७० जीबीची मर्यादा ठेवतं आणि उरलेली सगळी जागा होमला देतं. ५०० जीबीच्या डेटाबेस सर्व्हरवर होम रिकामं पडून असतं आणि इकडे लॉग आणि डेटा साठवणारं ‘व्हार’ फोल्डर भरून सर्व्हर ठप्प होतो. त्यातून फाइलसिस्टिम एक्सएफएस, म्हणजे वाढवता येते पण लहान करता येत नाही. ऑटोपार्टच वापरायचं असेल तर निदान ‘नोहोम’ पर्याय द्या.

आमची शिफारस हाताने लिहायची आहे, आणि ते अवघड नाही. आधी ‘रेकपार्ट’ला ‘ॲड-बूट’ पर्याय द्या. मशीन यूईएफआय आहे की जुनं बायोस, हे बघून बूटला लागणारी विभाजनं ते स्वतः करतं. मग एलव्हीएमसाठी (जागा नंतर वाढवू देणाऱ्या विभाजनाच्या पद्धतीसाठी) ‘पार्ट’ने उरलेल्या जागेचं एक फिजिकल व्हॉल्यूम, ‘व्हॉलग्रुप’ने त्यावर ग्रुप, आणि ‘लॉगव्हॉल’ने तीन व्हॉल्यूम: रूट २०४८०, व्हार २०४८०, स्वॅप ४०९६. हे आकडे एमआयबीमध्ये असतात. जीबी समजून नुसतं २० लिहिलं तर वीस एमबीचं रूट मागितल्यासारखं होतं. उरलेली जागा ग्रुपमध्ये मोकळी ठेवा. पुढे लागेल तसं व्हॉल्यूम चालू सर्व्हरवर वाढवता येतं.

पासवर्ड आणि नेटवर्क

पासवर्ड उघड लिहायचा नाही. ‘ओपनएसएसएल पासडब्ल्यूडी’ला उणे सहा हा पर्याय दिला की एसएचए-५१२चा हॅश, म्हणजे पासवर्डचं सांकेतिक रूप, मिळतो. तो डॉलर, सहा, डॉलर या चिन्हांनी सुरू होतो. ‘रूटपीडब्ल्यू’ किंवा ‘यूजर’ या आज्ञेत ‘इझक्रिप्टेड’ पर्यायासह तो द्या. फाइल एखाद्या शेल स्क्रिप्टमधून तयार करत असाल तर सांभाळून. अवतरणाशिवायच्या हिअरडॉकमध्ये (स्क्रिप्टमध्येच लिहिलेल्या अनेक ओळींच्या मजकुरात) शेल ‘डॉलर सहा’ला स्वतःचा व्हेरिएबल समजतो आणि गिळून टाकतो. हॅश अर्धवट उतरतो, इन्स्टॉलेशन बिनबोभाट पूर्ण होतं, आणि नंतर कुणालाच लॉगइन करता येत नाही.

त्याहून चांगलं म्हणजे रूट ‘लॉक’ ठेवायचं, ‘व्हील’ ग्रुपमधला एक यूजर करायचा आणि ‘एसएसएचकी’ आज्ञेने त्याची सार्वजनिक की घालायची. नवव्या आवृत्तीत रूटला पासवर्डने एसएसएच करणं तसंही मुळात बंदच असतं.

नेटवर्कच्या ओळीत ‘डिव्हाइस’ला ‘लिंक’ असं मूल्य दिलं की केबल जोडलेलं पहिलं कार्ड निवडलं जातं. एकच केबल असलेल्या मशीनला ते पुरेसं आहे. दोन-चार पोर्ट असतील तर कार्डाचा मॅक पत्ता द्या, कारण इंटरफेसचं नाव मदरबोर्डगणिक बदलतं.

पॅकेजेस आणि नंतरची कामं

‘पॅकेजेस’ विभागात किमान संच मागण्यासाठी ॲट, टोपीचं चिन्ह आणि ‘मिनिमल-एन्व्हायर्नमेंट’ असं लिहितात. त्याखाली हवी ती नावं एकेका ओळीवर: क्रोनी, टार, आरसिंक, आभासी मशीनसाठी क्यूईएमयू-गेस्ट-एजंट. नको असलेल्या नावाआधी उणे. प्रत्येक विभाग टक्क्याच्या चिन्हासह ‘एंड’ लिहून बंद करावाच लागतो.

एखादं पॅकेज सापडलं नाही तर इन्स्टॉलर थांबतो. ‘इग्नोअरमिसिंग’ दिलं की तो दुर्लक्ष करून पुढे जातो, आणि म्हणूनच ते देऊ नये. नाव चुकलं असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

‘पोस्ट’ विभागातली स्क्रिप्ट नव्या सिस्टिमच्या आत, क्रूटमध्ये चालते. तिथे सिस्टिमडी चालू नसतं, म्हणून सेवा ‘एनेबल’ करता येते, ‘स्टार्ट’ करता येत नाही. हाताने बनवलेल्या फाइलींवर शेवटी ‘रिस्टोअरकॉन’ चालवा, नाहीतर एसईलिनक्सची लेबलं चुकीची राहून नंतर परवानगी नाकारल्याच्या तक्रारी येतात. ‘लॉग’ पर्यायात एक फाइलनाव द्या. ते नसलं तर पोस्टमध्ये काय बिनसलं याचा माग काढणं जिकिरीचं होतं.

पोस्टमध्ये सगळं कोंबायचा मोह होतो. सर्व्हरपर्यंत एसएसएचने पोहोचता येईल इतकंच इथे करावं आणि बाकीचं अन्सिबलसारख्या साधनावर सोपवावं. तिथे चुकलेली पायरी पुन्हा चालवता येते. इथे पूर्ण इन्स्टॉलेशनच पुन्हा करावं लागतं.

विंडोजच्या नोटपॅडमध्ये फाइल लिहिली असेल तर ओळींच्या शेवटी जादा कॅरेज रिटर्न येऊ शकतो. वरच्या आज्ञा वाचल्या जातात, पण स्क्रिप्ट ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणून पडतात आणि डोळ्यांना काहीच वावगं दिसत नाही. ‘डॉस-टू-युनिक्स’ चालवून मगच फाइल पुढे द्या.

आधी तपासणी, मग रंगीत तालीम

‘पायकिकस्टार्ट’ हे पॅकेज टाकलं की ‘केएसव्हॅलिडेटर’ मिळतो. त्याला आवृत्ती म्हणून ‘आरएचईएल९’ द्या. चुकलेली आज्ञा, रद्द झालेला पर्याय, न मिटलेला विभाग तो ओळ क्रमांकासह दाखवतो. पण तो फक्त व्याकरण तपासतो. डिस्क आहे की नाही, मिरर उघडतो की नाही, हे त्याला कळत नाही.

म्हणून केव्हीएमवर तालीम करायची. ‘व्हर्ट-इन्स्टॉल’मध्ये ४ जीबी मेमरी, दोन सीपीयू आणि रूट, व्हार, स्वॅप बसूनही थोडी जागा उरेल अशी ६० जीबीची डिस्क द्या. ‘लोकेशन’मध्ये आयएसओ, ‘इनिटआरडी-इंजेक्ट’मध्ये तुमची फाइल, आणि ‘एक्स्ट्रा-आर्ग्स’मध्ये ‘इन्स्ट डॉट केएस’ला फाइलचा पत्ता. याला वेब सर्व्हर वगैरे काही लागत नाही. इनिटआरडी-इंजेक्ट हे लोकेशनबरोबरच चालतं, ‘सीडीरॉम’ पर्यायाबरोबर नाही.

मेमरी १ जीबी देऊन बघणाऱ्यांची संख्या बरीच आहे. इन्स्टॉलर स्वतः मेमरीत राहतो आणि नेटवर्कवरून घेताना तर अख्खी प्रतिमा मेमरीत उतरवतो. मेमरी कमी पडली की चूक भलतीच दिसते: ‘डिस्कवर जागा नाही’. सीपीयूचा प्रकारही यजमान मशीनसारखाच ठेवा. नवव्या आवृत्तीला एक्स८६-६४-व्ही२ पातळीचा सीपीयू लागतो. क्यूईएमयूचा जुना मूळ नमुना तेवढा पुरवत नाही आणि बूट होतानाच कर्नल पॅनिक येतो.

तालीम दोनदा करा: एकदा बायोसवर, एकदा यूईएफआयवर. आणि दुसऱ्या वेळी आधीच भरलेली डिस्क द्या, कारण खऱ्या मशीनवर तीच असणार आहे.

फाइल इन्स्टॉलरच्या हाती कशी द्यायची

सगळ्यात सोपा मार्ग ‘ओईएमडीआरव्ही’ लेबलचा. दुसऱ्या एका पेनड्राइव्हला फॉरमॅट करताना हे लेबल द्या (मोठ्या रोमन अक्षरांत) आणि फाइल ‘केएस डॉट सीएफजी’ नावाने अगदी वरच्या पातळीवर ठेवा. बूट करताना काहीही टाइप करावं लागत नाही, अनाकोंडा ती आपणहून शोधतो. सर्व्हरच्या रिमोट कन्सोलमधून जोडलेल्या छोट्या आयएसओलाही हेच लेबल चालतं. फक्त असा पेनड्राइव्ह टेबलावर पडू देऊ नका. तो लागलेला असताना कुणी आपल्या लॅपटॉपवर इन्स्टॉलर चालू केला तर डिस्क विचारणा न करता पुसली जाईल.

दुसरा मार्ग वेबचा. पायथनचा साधा ‘एचटीटीपी डॉट सर्व्हर’ ८००० पोर्टवर चालवा, फायरवॉलमध्ये पोर्ट उघडा आणि बूट ओळीच्या शेवटी ‘इन्स्ट डॉट केएस’ बरोबर पत्ता लिहा. ‘इन्स्ट’ हा उपसर्ग नवव्या आवृत्तीत सक्तीचा आहे. जुन्या लेखांतलं नुसतं ‘केएस’ आता चालत नाही. नेटवर्कवर डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ता देणारी सेवा) नसेल तर त्याच ओळीत ‘आयपी’ही द्यावा लागतो, कारण फाइलीतला आयपी फाइल वाचल्यावर कळणार आणि फाइल आणायला आधी आयपी लागणार. या मार्गात फाइल त्या नेटवर्कवरच्या कुणालाही वाचता येते, हॅशसकट. काम झालं की सर्व्हर बंद करा.

तिसरा मार्ग ‘एमकेकेएसआयएसओ’चा. लोरॅक्स पॅकेजमधलं हे साधन मूळ आयएसओत तुमची फाइल घालून नवा आयएसओ बनवतं. दूरच्या ठिकाणी एकच वस्तू पाठवायची असेल तर हे सोयीचं.

मशीनं विसाच्या पुढे गेली की पीएक्सई बूट, म्हणजे मशीन थेट नेटवर्कवरून उठवणं, लावतात. त्याबद्दल दोनच गोष्टी. बूटसाठी दिलेला कर्नल आणि इनिटआरडी (सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइलसिस्टिम) त्याच रिपॉझिटरीतून घ्या जिथून पुढची प्रतिमा येणार आहे. आवृत्त्या जुळल्या नाहीत तर ड्रायव्हर सापडत नाहीत आणि डिस्क किंवा नेटवर्क गायब दिसतं. आणि बूटच्या क्रमात स्थानिक डिस्क आधी ठेवा किंवा एकदा इन्स्टॉल झालेल्या मॅक पत्त्याला सर्व्हरवरूनच पुढे जाऊ द्या. नाहीतर रीबूटनंतर मशीन पुन्हा नेटवर्कवरून उठतं, डिस्क पुसतं, इन्स्टॉल करतं, रीबूट होतं, आणि सकाळपर्यंत हेच चालू राहतं.

अडलं तर कुठे बघायचं

सुरुवातीलाच ‘ड्राकट-इनिटक्यू टाइमआउट’ची ओळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर इन्स्टॉलरला त्याची प्रतिमा किंवा तुमची फाइल मिळालेली नाही. पेनड्राइव्ह रूफसने बनवला असेल तर तो आयएसओ पद्धतीऐवजी डीडी पद्धतीने पुन्हा लिहा. आयएसओ पद्धतीत लेबल बदलू शकतं आणि बूट ओळीतल्या लेबलशी जुळत नाही. नेटवर्कवरून करत असाल तर स्विचकडे बघा. पारंपरिक स्पॅनिंग ट्री चालू असलेला पोर्ट केबल लावल्यावर सुमारे ३० सेकंद काहीच पुढे पाठवत नाही, तोवर डीएचसीपीची विनंती वाया जाते. पोर्टवर पोर्टफास्ट लावा.

टेक्स्ट पडदा येऊन यादी दिसत असेल आणि एखाद्या क्रमांकापुढे चौकटी कंसात उद्गारचिन्ह असेल, तर तेवढं उत्तर फाइलीत नाही किंवा मान्य झालेलं नाही. बहुधा डिस्क, नाहीतर इन्स्टॉलेशनचा स्रोत.

त्यापुढे काही बिघडलं तर कंट्रोल आणि बी दाबून सोडा आणि २ दाबा. शेल मिळतो. १ ने परत मुख्य पडद्यावर येता येतं, ३ वर अनाकोंडाचा लॉग, ४ वर स्टोरेजचा. त्या शेलमध्ये ‘एलएसबीएलके’ चालवून डिस्कचं नाव बघितलं की अर्ध्या तक्रारींचं कारण तिथेच सापडतं. ‘टेम्प’ फोल्डरात ‘पॅकेजिंग डॉट लॉग’, ‘स्टोरेज डॉट लॉग’ आणि ‘प्रोग्राम डॉट लॉग’ असतात. मशीन रीबूट झालं की ते जातात, म्हणून अडलेलं इन्स्टॉलेशन घाईने बंद करू नका. आधी एससीपीने लॉग बाहेर काढा. इन्स्टॉलेशन यशस्वी झालं असेल तर तेच लॉग नव्या सिस्टिममध्ये ‘व्हार/लॉग/अनाकोंडा’ इथे मिळतात.

आठव्या आवृत्तीची जुनी फाइल हाताशी असेल तर ‘केएसव्हरडिफ’ला दोन्ही आवृत्त्यांची नावं द्या. कोणत्या आज्ञा आणि पर्याय गेले, कोणते नवे आले, याची यादी मिळते. त्यानुसार बदल करून केएसव्हॅलिडेटर पुन्हा चालवा, आणि फाइल गिटमध्ये ठेवताना हॅश मात्र वेगळ्या फाइलीत काढून ठेवा.